बोलणा नाय

आमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर 'दुकानदाराशी बोला' असं बटण होतं. ते दाबलं की कोकणातल्या आचऱ्याच्या एका आमसुलंवाल्या बाईंचा फोन वाजायचा. तो वाजतो ना, हे पुण्यात बसून रोज तपासणं माझं काम. 'हॅलो' ऐकलं की मी ठेवून द्यायचो.

मे महिन्यात सुट्टीवर गावी, आचऱ्यालाच आलो, तसा त्यांच्याकडे गेलो. तेवढ्यात फोन वाजला. बाई दुखरा गुडघा सावरत अंगणातून धावल्या. कोकमाने हात लाल झालेले, म्हणून रिसीव्हर पदराने उचलला. त्यांनी 'हॅलो' म्हणताच पलीकडून, सुट्टीत माझं काम बघणाऱ्या माणसाने, फोन ठेवून दिला.

"एक गिऱ्हाईक रोज फोन करता, पण बोलणा नाय," त्या म्हणाल्या. "लाजत असतलो बिचारो."

मी समोरच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.