पापड वाळेपर्यंत

आमच्या गच्चीच्या दारावर पाटी आहे, 'दार बंद ठेवावे.' आज सकाळी तिच्याखाली वरच्या काकूंची चिठ्ठी दिसली: 'पापड वाळेपर्यंत उघडं राहू द्या.'

ऑफिसात सर्व्हरच्या सेटिंग्ज तपासणारा प्रोग्राम चार दिवस माझ्यावर ओरडत होता, 'फोटोंचा कप्पा सगळ्यांना उघडा आहे!' अहो, वेबसाइटचे फोटो सगळ्यांनी बघायचेच असतात.

"तो तपासणीचा नियमच बंद करून टाक," शेजारच्या टेबलावरची मेघा म्हणाली. वैतागून मी तेच करणार होतो. पण मग उद्या ग्राहकांची कागदपत्रं उघडी राहिली, तर कोण ओरडणार?

मीही प्रोग्राममध्ये त्या नियमाखाली, त्या एका कप्प्यापुरती सूट देणारी चिठ्ठी लिहिली: 'नवी वेबसाइट येईपर्यंत मुद्दाम उघडा. आत फक्त फोटो.' ओरडा थांबला, तपासणी हिरवी झाली. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी गच्चीला कुलूप होतं. चिठ्ठी गेली होती. पाटी जागच्या जागी होती.