पापडाचा वास आणि अटकलेलं नेट

उडदाचा पापड भाजल्याचा वास आला की मला आदिलाबादच्या आमच्या घरातल्या त्या संध्याकाळी आठवतात. हैदराबादच्या ऑफिसची मीटिंग मी घरूनच करायचो आणि आई वंदनेला विहारात गेली की थोड्या वेळात नेट हमखास अटकायचं. स्क्रीनवर साहेबाचं उघडं तोंड तसंच थिजायचं, मग आपोआप सुरळीत. साहेबाला वाटायला लागलं की मीच उत्तरं टाळतोय. माझा संशय खालच्या भाडेकऱ्यावर होता, की तो आमचं वायफाय चोरून वापरतोय. केबलवाला "लाइन तो बराबर है" म्हणून गेला, तसा माझा संशय जास्तच पक्का झाला. पासवर्ड बदलला, तरी तेच. बाबा म्हणाले, "त्याच्यावरच नजर ठेव, तो माणूस मले पयल्यापासून बरा नाई वाटत." एका संध्याकाळी नेट अटकताच मी त्याला रंगेहाथ पकडायला उठलो, तर स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह घरघरत होता. त्याला खेटूनच आमचा राउटर, आणि समोर डॉक्टरांनी बीपीमुळे पापड बंद केलेले बाबा. टिंग वाजलं, पापड बाहेर आला आणि आतल्या खोलीत स्क्रीनवर थिजलेला साहेबही बोलायला लागला. "तुया आईले सांगू नको," अर्धा पापड माझ्या हातात देत बाबा म्हणाले. राउटर हलवला तर आई कारण विचारणार, म्हणून तो तिथंच राहिला. आता बीपीमुळे पापड मलाही बंद आहे. काल बायको विहारात गेली होती. कार्टून पाहणारी लेक ओरडली, "बाबा, नेट काऊन अटकून राह्यलं?" मायक्रोवेव्हसमोरून मी म्हटलं, "खालच्यावर नजर ठेवा लागते."