सिल्वासाचं आरमार

किस्से जमवायला आम्ही कधी बसलोच नव्हतो. बसलो होतो जहाजं ओळखायला. पाच-सहा वर्षांत जहाजं ओळखली जेमतेम, आणि किस्से मात्र इतके साठले की आता जुनी माणसं भेटली की जहाजांबद्दल कुणी विचारतच नाही. म्हणतात, "मास्तर, ते पेरिस्कोपचं सांगा!"

आधी मंडळी कोण, ते सांगतो. साळवी मूळचे रत्नागिरीकडचे. नौदलात पंधरा वर्षं काढून सायलीच्या एका कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर झालेले. जयंतीभाईंचा बाजारात फोटो स्टुडिओ. गावंड पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर. आणि मी सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तर. ऐंशीच्या दशकात मुंबईत गोदीजवळचा एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा तिथलं सामान जयंतीभाईंनी उचललं. त्यात एक पेटी निघाली, युद्धनौका आणि पाणबुड्यांच्या निगेटिव्हनी गच्च भरलेली. एकाही पाकिटावर नाव नाही! साळवींनी पेटीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "ही सगळी आमची माणसं आहेत. अशी बेवारस सोडायची काय?"

झालं! दर रविवारी सकाळी साळवींच्या व्हरांड्यात आमचं आरमार भरायला लागलं. तेही सिल्वासात, जिथं समुद्र बघायचा तर दमणची बस पकडावी लागते.

*

एक फ्रिगेट तीन रविवार आम्हाला दाद देईना. साळवी म्हणायचे, "सगळं ओळखीचं वाटतंय, पण शिडी भलत्या बाजूला. क्रेनही भलत्या बाजूला. अशी बोट मी जन्मात बघितली नाही." गावंडांनी तर ती परदेशी असल्याचं जाहीरच करून टाकलं.

चौथ्या रविवारी साळवींकडे रंगकाम होतं म्हणून सगळे माझ्या घरी बसले. आमच्या सौ. शेजारपाजारचं शिवणकाम करायच्या. पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता त्यांनी फोटोत शिडीजवळ उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई! हा साहेब बायकोचा शर्ट घालून उभा राहिलाय का?"

"म्हणजे?"

"बटणपट्टी बघा की. पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू वर येते. ह्याची उजवी वर आहे."

जयंतीभाईंचा चेहरा पडला. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट मारली होती! मी धावत जाऊन दाढीचा आरसा आणला. आरशात बघताक्षणी साळवी ओरडले, "अरे, ही तर गोदीत रोज आमच्या बाजूला उभी असायची!"

पुढे कुठलाही फोटो निघाला की गावंड पहिला प्रश्न विचारायचे, "वहिनींना दाखवलात का?"

*

आता ते पेरिस्कोपचं.

एका फोटोत नुसतं पाणी होतं. जहाज नाही, किनारा नाही, काही नाही. मी म्हटलं, "हा फुकट गेलेला फोटो दिसतोय." साळवींनी भिंग लावलं आणि ते खुर्चीतून उठलेच. "फुकट? अहो, पाणबुडी आहे! पेरिस्कोप बघा!"

खरंच, पाण्यातून एक बारीक काळी रेघ वर आली होती. मग काय विचारता! गावंडांनी पट्टी लावून उंची काढली. मी पाण्याखालच्या पाणबुडीचं चित्र काढलं. साळवींनी तिची दिशा सांगितली, वेग सांगितला, कॅप्टन जरा घाईत असावा हेही सांगितलं.

तेवढ्यात जयंतीभाई दुकान बंद करून आले. त्यांनी फोटो उजेडात धरला, तोंडाजवळ नेला आणि फूऽऽ करून फुंकर मारली. पेरिस्कोप उडाला!

"साहेब, हा तर केस छे. माझ्याच डोक्याचा असेल."

गावंडांनी पट्टी खाली ठेवली. मग साळवी गंभीरपणे म्हणाले, "पाण्याखाली गेली."

*

हे असं चाललेलं असताना कुणीतरी पोलिसांत कळवलं की सरकारी नोकर रविवारी एकत्र जमतात आणि युद्धनौकांचे फोटो भिंगातून बघतात. एका रविवारी हवालदार दारात! मी आणि गावंड मागच्या खुर्च्यांवर सरकलो. दोघांच्या नोकऱ्या सरकारी, दोघांच्या घरी पोरंबाळं. गावंड तर माझ्या कानात पुटपुटले, "मास्तर, सस्पेंड झालो तर सासऱ्यांना काय तोंड दाखवू?"

हवालदारांनी खुर्ची ओढली, डायरी उघडली. "ये कुठली बोट?"

साळवी म्हणाले, "तेच तर कळत नाहीये."

"आणि ये?"

"तिचाही पत्ता नाही."

"कब से बघताय?"

"ही? दिवाळीपासून." तेव्हा होळी जवळ आली होती.

हवालदारांनी आम्हा चौघांकडे आळीपाळीने बघितलं. पेन खिशाला लावलं आणि डायरी मिटली. "मग हेरगिरी नाय. हेराला एवढा टाइम कोण देते!"

जाताना एवढंच म्हणाले, "पण बसा उघड्यावरच. अंदर बैठोगे तो फिर आना पडेगा."

*

खानवेलच्या बाजूला नदीवर होडी चालवणारा देवजी एकदा पुलाच्या कामाबद्दल विचारायला गावंडांकडे आला होता. गावंड घरी नव्हते, म्हणून तो साळवींच्या व्हरांड्यात आला. आम्ही एका क्रूझरवर डोकी फोडत होतो. तोफा आहेत, माणसं आहेत, मग ही लढाईला निघाली आहे की सरावाला? साळवी म्हणत होते, लढाईलाच.

देवजी मागून डोकावला. "हिचे पोटात काय नाय."

"काय?"

"रिकामी हाय. बघा ना, कवढी वर आलीय. भरलेली होडी अशी उभी रेत नाय."

साळवींनी भिंग लावलं. पाण्यात बुडणारा भाग वेगळ्या रंगाचा असतो. त्याचा पुरुषभर पट्टा पाण्यावर उघडा पडलेला! दारूगोळा नाही, तेल नाही, रसद नाही. ती लढाईला नव्हे, मोडीत निघाली होती.

साळवी उठले आणि आपली खुर्ची देवजीला दिली. म्हणाले, "तुम्ही समुद्रावर होता का कधी?"

"नाय. बघितलाच नाय."

"मग कळलं कसं?"

देवजी आमच्याकडे बघतच राहिला. "पानी तेच ना!"

*

आणि आता शेवटचा.

नव्वदनंतरची गोष्ट. साळवींच्या कारखान्यात धुळ्याकडचा एक कामगार होता. त्याची आई सायलीहून रिक्षा करून आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो तिनं दोन्ही हातांनी पुढे केला. डेकवर दहा-बारा खलाशी ओळीनं उभे. त्यातला एक तिचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"भाऊ, ह्या जहाजनं नाव काय शे?" तिनं विचारलं.

एकाहत्तरच्या लढाईच्या काळात जहाजाचं नाव पत्रात लिहायची बंदी होती. नवरा नुसतं 'जहाज' लिहायचा. पुढे सुट्टीवर आला तेव्हा तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि मग विचारायला माणूसच राहिला नाही. "इतला वरीस तो कोठे व्हता, माले ठाऊक नई," ती म्हणाली.

त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. जयंतीभाईंनी फोटो मोठा करून आणला. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, भिंतीला टेकून बसली. साळवी तासभर वाकून बघत होते. खलाशांच्या मागे दिसणारी डोलकाठी, नांगराची साखळी, दाराला पडलेला एक पोचा. त्या पोच्यावर त्यांचं भिंग थांबलं.

"ही माझी पहिली बोट," ते हळूच म्हणाले. "चारच महिने होतो हिच्यावर. हा पोचा गोदीच्या धक्क्याला लागून पडला होता."

आणि त्यांनी जहाजाचं नाव सांगितलं. म्हातारीनं ते दोनदा म्हणून बघितलं. डोळ्यांना पदर लावला. मग फोटोतल्या नवऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "मग यास्ले वळखतस का?"

साळवींनी खूप प्रयत्न केला. शेवटी मान हलवली. "नाही हो, ताई. चार महिन्यांत किती तोंडं लक्षात राहणार?"

तिचा चेहरा उतरला. साळवी अवघडले. अवघडले की त्यांच्यातला शिस्तीचा माणूस जागा व्हायचा. त्यांनी शेजारच्या खलाशावर बोट आपटलं. "पण तुमचे मालक बघा कसे ताठ उभे आहेत! नाहीतर हे बाजूचं ध्यान बघा. टोपी वाकडी! खांदे पडलेले! फोटोला उभं राहायची ही रीत? असल्यांना आम्ही सात दिवस डेक घासायला लावायचो!"

म्हातारी पुढे सरकली, निरखून बघितलं आणि एकदम हसली. "हाऊ का? मोठा कानसना? अरे, याना बारामा तं मालकनी पत्रमा लिखेल व्हतं! म्हणे, फोटोमा मन्हा शेजारी एक कोकणना पोऱ्या शे. नवाच शे. घरनी याद उनी का रडस. मी त्याले मन्हा वाटानी चपाती देस, तव्हय तो झोपस!"

गावंडांनी फोटोतल्या कानांकडे बघितलं. जयंतीभाईंनी बघितलं. मी बघितलं. मग आम्ही तिघांनी हळूच साळवींच्या कानांकडे बघितलं.

साळवींनी भिंग उचललं. फोटोवर वाकले ते वाकलेच. आम्हाला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, कान तेवढे दिसत होते, लालभडक झालेले.

बऱ्याच वेळानं त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"टोपी वाकडी नाहीये," ते म्हणाले. "वारा होता."