पाकीट वाचणारे काका

टीव्हीवरची मालिका बघायला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बसणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच असणार, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. एका साखर कारखान्याच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळण्यात, म्हणजे आलेलं टपाल नोंदवण्यात आणि जाणारं पाकिटात घालून रवाना करण्यात काकांची सारी नोकरी गेली. मी मालिका लिहितो. ऑफिसातल्या गमतीजमतींची एक विनोदी मालिका मी पाच सीझन लिहिली. तिचं पुनःप्रसारण सकाळी अकराला लागायचं आणि काका साडेदहालाच देवपूजा आटोपून खुर्चीत हजर. मावशी वैतागायची, "घरातल्या घरात कुठं निघालाय म्हणायचं?" काका शर्टाचं वरचं बटण लावत म्हणायचे, "ऑफिसात बनियनवर जात्यात व्हय?"

भाग संपला की काका मला पत्र लिहीत. त्यांचं घर मंगळवार पेठेत, माझं राजारामपुरीत; पण अभिप्राय तोंडी देणं त्यांच्या नियमात बसत नसे. अर्ध्या फुलस्केपवर 'विषय : भाग क्रमांक चौदाबाबत' असं लिहून, वर जावक क्रमांक टाकून ते पत्र पोस्टात जायचं. मजकूर रोखठोक. 'सदर भागात शिपाई सायबाच्या आधी चहा पितो. असे होत नाही. निदान दिसत नाही.' पहिल्या दोन सीझनची निम्मी गंमत मी या पत्रांतूनच उचलली होती. स्वतःच्या लग्नासाठी टाकलेला रजेचा अर्ज वरात परत आल्यावर मंजूर झाल्याचा भाग अजून लोक आठवतात. तो त्यांच्याच ऑफिसातला. तेव्हा मालिकेतली माणसं काम करायची आणि कामातूनच हसू फुटायचं. आम्हाला वाटायचं, आम्ही फार थोर लेखक आहोत.

मग मालिका चालली, आणि चालली म्हणूनच बिघडली. तिसऱ्या सीझनला प्रेमप्रकरण आलं, चौथ्याला रेकॉर्ड रूममध्ये भूत निघालं, आणि एवढ्यानं भागेना म्हणून आम्ही सगळ्या स्टाफला परदेशी सहलीला धाडलं. त्या आठवड्यात काकांनी नियम मोडून फोन केला. "समदं ऑफिस समुद्रावर नाचतंय. मग हिकडं टपाल कोण बघतंय रं?" मी हसलो. त्यांनी फोन ठेवला नाही, उत्तराची वाट बघत राहिले. अखेर मीच काहीतरी कारण सांगून सुटका करून घेतली.

या मालिकेत एक जावक कारकून होता. पाकीट चिकटवण्याआधी तो आतलं पत्र बाहेर काढून नाव-पत्ता मोठ्यानं वाचायचा. ही सवय थेट काकांची. लग्नाची पत्रिका असो की विजेची तक्रार, मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांच्या हातून पाकीट बंद होत नाही. यामागचं कारण त्यांनी पहिल्या सीझनच्या वेळी मला एकट्याला सांगितलं होतं. कारखान्यात भरती होती. एकाच नावाचे दोन अर्जदार, एक मुरगूडचा, दुसरा कबनूरचा. काकांच्या हातून पाकिटं बदलली. मुरगूडकराची नेमणूक कबनूरकराला गेली. तो बिचारा यंत्रमागावर कापड विणणारा माणूस. मालकाला राम राम ठोकून, गल्लीत पेढे वाटून, पहिल्या दिवशी डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर आला. तिथून त्याला परत पाठवलं.

"मी खिडकीतनं बघत हुतो," काका म्हणाले होते. "खाली जाऊन सांगायला पायजे हुतं, पावणं, चूक माझी हाय म्हणून. न्हाय गेलो." पुढं कबनूरला दोनदा गेले, पण तो माणूस गाव सोडून गेला होता. "तुझ्या शिरियलीत हे दाखव. नाव नको घेऊ माझं. त्यो कुठं तरी बघत असंल. त्याला कळंल, ह्यो त्योच कारकून."

मी 'नक्की' म्हणालो. पहिल्या सीझनला जागा नव्हती. दुसऱ्याला चॅनेलवाले म्हणाले, रडकं नको. त्यानंतर मी विचारणंच सोडलं. आणि पाचव्या सीझनला, सांगायला लाज वाटते, त्या कारकुनाचं मी पार माकड केलं. तो दुधाची पिशवी मोठ्यानं वाचू लागला, दुकानांच्या पाट्या वाचू लागला, आणि दर वेळी मागून 'ठ्यांग' असा आवाज. लोक हसायचे, म्हणून मी आणखी लिहायचो. मंगळवार पेठेत पोस्टाच्या रांगेत कुणीतरी काकांना पाकीट वाचताना बघून तोंडानं 'ठ्यांग' केलं, हे मला मावशीकडून कळलं. काकांची पत्रं तेव्हाच थांबली. शर्ट घालून बसणं मात्र थांबलं नाही.

मालिका बंद झाली. शेवटचा भाग पुन्हा दाखवला त्या सकाळी मी मुद्दाम काकांकडे गेलो. आम्ही शेजारी बसून तो पाहिला. सगळ्यांनी गाणं म्हटलं, केक कापला. जावक कारकून त्यात नव्हताच. त्या नटाच्या तारखा जुळल्या नव्हत्या.

"संपली न्हवं?" काकांनी विचारलं.

"संपली, काका."

"आता पुढचा सीझन न्हाय?"

"नाही."

जाहिराती लागल्या. काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यो माणूस बघत असंल, तर त्याला काय वाटलं असंल रं? ज्यानं माझं वाटुळं केलं, त्याची ह्येनी गंमत लावलीया."

माफी मागायची होती, पण मी कुणाकुणाची मागणार होतो? काकांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि आत हाक दिली, "अगं, ह्याला जेवल्याबिगर सोडू नको. पाच वर्सं काम करून दमलाय त्यो."