रेगे, आड आणि गडहिंग्लजचे पाहुणे

आधीच माफी मागून ठेवतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. तेव्हा एखादी वेलांटी वाकडी दिसली तर तुमची तुम्ही सरळ करून घ्या, आणि जड शब्द शोधू नका, माझ्याकडं नाहीत. पण चहा उकळेपर्यंत एवढी एक गोष्ट ऐका. माणूस किती शहाणा असू शकतो, याची आहे. शहाणा म्हणजे अर्थातच मी.

तेव्हा मी बशीरभाईंच्या दुकानात रेडिओ दुरुस्तीला होतो. कोल्हापुरात टेपरेकॉर्डर नवे नवे दिसायला लागले होते. बशीरभाईंचा मेहुणा याकूब बोटीवर नोकरीला. तो सुट्टीवर आला आणि आपला टेप आमच्याकडं टाकून गेला. म्हणाला, बेल्ट सैल झालाय, बदलून ठेव.

मी बेल्ट बदलला आणि त्याचीच एक कॅसेट लावून बघितली. खालून ढोल आणि बास, म्हणजे खर्जाचा घुमता आवाज, चालू झाला, भरलेली बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तसा. मग एकजण गायला लागला. आणि अर्ध्या ओळीत त्याचा आवाजच गेला. नुसती शेवटची किंकाळी लांब कुठंतरी गोल गोल फिरत राहिली. थोड्या वेळानं गडी परत आला, दोन शब्द बोलला, परत गायब.

आता मी मेकॅनिक माणूस. गाणारा मधेच गायब होतो म्हणजे टेपात दोष, हे सांगायला मला कुणी लागत नाही. कॅसेटची फीत जिथं घासते ते हेड मी स्पिरिटनं पुसलं. वायरी नव्यानं डाग देऊन जोडल्या. दोन कंडेन्सर बदलले. दोन दिवस मी त्या टेपाच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी याकूब आला, टेपाची सगळी आतडी टेबलावर बघून खालीच बसला.

"अरे दत्तू, ते गाणंच तसं हाय."

"मधेच आवाज जातोय की, याकूबभाई."

"मुद्दाम घालवत्यात. जमैकातलं हाय ते. रेगे म्हणत्यात. आणि गाणाऱ्याला काढून नुसता ठेका घुमवायचा, त्याला डब म्हणत्यात."

"गाणाऱ्याला का काढत्यात?"

"ठेका ऐकू यावा म्हणून."

मी टेप परत जोडला आणि या वेळी कॅसेट ऐकायची म्हणून ऐकली. तुम्हाला हसू येईल, पण मी त्या दिवशी घरी जेवलो नाही. आपल्याकडं ठेका जिथं जोरात पडतो, तिथं ही माणसं गप्प बसतात. आणि आपण गप्प बसतो, तिथं हळूच टिचकी मारतात. मी जन्मभर हेच करत आलो होतो. चारचौघांचं बोलून झालं, विषय बदलला, की मला उत्तर सुचायचं. लोक त्याला बावळटपणा म्हणायचे. जमैकात त्याला संगीत म्हणत होते.

याकूबनं बोटीवर परत जाताना ती कॅसेट टेपासकट मला देऊन टाकली. आणि मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट एकट्यानं ठेवून घेणं बरं नव्हे. वाटली पाहिजे. इथंच चुकलं.

बशीरभाईंना ऐकवली. ते म्हणाले, "चांगलं हाय. गिऱ्हाईक गेल्यावर लाव." गिऱ्हाईक गेलं. मग म्हणाले, "मी गेल्यावर लाव."

आईला ऐकवली. "ह्याला रेगे म्हणत्यात, आई."

"रेगे? कोकणातलं का?"

"जमैकातलं."

"मग त्या रेग्याला कोणतरी पाणी द्या की. सारखा घसा बसायलाय त्याचा."

एका बारशाला दुकानाच्या भोंग्यावर लावली. पत्र्याच्या भोंग्यातून बास कुठला येणार? नुसतं चिक-चिक-चिक ऐकू आलं. बाळाच्या आजोबांनी भोंग्यात पाल शिरली असेल म्हणून काठी घालून बघितली.

दुसरा कोणी असता तर समजला असता, की कोल्हापूरला हे नको आहे. पण मी शहाणा. मी असा निष्कर्ष काढला की लोकांनी हे गाणं अजून नीट ऐकलेलंच नाही. दोष भोंग्याचा आहे. बंद पडलेल्या एका तंबूच्या टॉकीजचा परातीएवढा स्पीकर दुकानाच्या माळ्यावर पडून होता. तो मी सायकलवरून घरी आणला. आणि घरामागं आमच्या परड्यात एक कोरडा आड होता. दगडानं बांधलेला, तीन पुरुष खोल, वरती फळ्या टाकलेल्या. फळीला गोल भोक पाडून स्पीकर पालथा, तोंड खाली करून बसवला तर केवढा बास घुमेल, याचा विचार करून मला झोप लागेना.

त्याच आठवड्यात मामानं माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगी गडहिंग्लजची. वडील मिरचीचे व्यापारी, त्यांना सगळे आप्पा म्हणत. मामानं फोटो आणला होता. मुलगी रेडिओवर हात ठेवून उभी होती. बाकी लोक फोटोत नाक बघतात, रंग बघतात. मी रेडिओ बघितला, मग तिचा हात बघितला. रेडिओवर असा हात ठेवणारी मुलगी ऐकणारी असणार. जगात निदान एक माणूस माझ्याशेजारी बसून ती कॅसेट ऐकेल, एवढ्यावर मी होकार देऊन मोकळा झालो.

रविवारी दुपारी घर आणि मुलगा बघायला आप्पा आणि मुलीची आत्या येणार असं ठरलं. आईनं सकाळपासून एकच धोशा लावला.

"पावण्यांपुढं बोल जरा. खांबागत उभा राहू नको. आणि त्यो टेप आज वाजला तर बघ."

मला बोलता येत नाही, हे खरं. पण ऐकवता तरी येतं. टेप वाजवायला आईनं बंदी केली होती. आडाविषयी ती काही बोलली नव्हती.

पाहुणे आले. आप्पा म्हणजे उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे. पोह्यांची बशी घेतानाच मला म्हणाले, "आमचा रेडिओ दोन वर्सं मुका हाय की. जावई मेकॅनिक मिळाला तर बरंच झालं. पुढच्या खेपंला घेऊनच येतो."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हवा आली, शब्द आला नाही. आई माझ्याकडं बघत होती. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो आणि परड्यात गेलो.

दुकानाचा पन्नास वॅटचा अँप्लिफायर तयार होता. कॅसेट घातली. आवाजाचं बटण जेवढं फिरतं तेवढं फिरवलं.

आता इथं एक सांगायला पाहिजे. कोयनेचा भूकंप झाल्यापासून आमच्या गल्लीची एक सवय होती. धक्के अधूनमधून यायचेच. त्यामुळं मांडणीवरची भांडी वाजली की कुणी कुणाला विचारायचं नाही, सरळ रस्त्यावर यायचं. आधी पोरं, मग म्हातारी, मग गडीमाणसं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः चार वेळा पळालो होतो. पण संगीतात बुडालेल्या माणसाच्या हे लक्षात येत नाही.

आडात बास असा घुमला म्हणता! कान लावून ऐकावा लागत नव्हता, तळव्यातून वर चढत होता. चिक-चिक सगळं आडातच राहिलं, वर आला तो नुसता ठेका. कॅसेटवर असे सहा ठेके होते, त्यातला पहिला मी डोळे मिटून पूर्ण ऐकला. मग पाहुण्यांचं काय मत झालं ते बघावं म्हणून बोळातून पुढं आलो.

आणि बघतो तर काय, सगळी गल्ली आमच्या दारात उभी.

तानूकाकूंच्या एका काखेत नातू, दुसऱ्या हातात लाटणं. कुणी अर्ध्या दाढीत आलं होतं. कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली, लक्ष जमिनीकडं. आप्पा अनवाणी, हातात पोह्यांची बशी, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले होते. मी कधी मैफलीला गेलो नाही, पण थोर मैफलींचं वर्णन मी असंच ऐकलं होतं.

माझा ऊर भरून आला. ज्या गल्लीनं मला बावळट म्हटलं तीच गल्ली आज माझं रेगे ऐकायला उन्हात उभी होती. मी हसत पुढं गेलो. आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत माझा आवाज खणखणीत निघाला.

"उभं का? निवांत बसून घ्या की. अजून पाच हायत."

तानूकाकूंच्या हातातलं लाटणं पडलं. "पाच?"

"पाच. शेवटचा तर सगळ्यात मोठा."

"तुला रं काय म्हाईत?"

"सगळे पाठ हायत मला," मी नम्रपणे म्हणालो.

कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मधे जरा रिकामी जागा असते. ती नेमकी तेव्हा संपली. आमच्या स्वयंपाकघरातून भांडी वाजायला लागली, मग तानूकाकूंची मांडणी धाडदिशी पडली.

"दुसरा आला!" कोणीतरी ओरडलं, आणि गल्ली चौकाकडं पळाली.

त्या मांडणीबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांपर्यंत पोचलेलं, पण कुणालाच गाणं म्हणून ऐकू न आलेलं असं जगातलं ते पहिलं जाहीर गायन असावं. मी मागं वळलो आणि घरात पळालो. मागून आई ओरडत होती, आप्पा ओरडत होते, "आरं आत जाऊ नको, घर पडंल!" मी परड्यात जाऊन टेप बंद केला. येताना दारालगतच्या सोप्यात आप्पांच्या नि आत्याबाईंच्या चपला दिसल्या. बिचारे उन्हात अनवाणी उभे होते म्हणून त्या उचलल्या आणि बाहेर आणून त्यांच्या पायापुढं ठेवल्या.

"आता येणार न्हाईत," मी मान खाली घालून म्हणालो.

सगळे वाट बघत राहिले. चहा थंड होईपर्यंत वाट बघितली. एकही आला नाही.

आप्पा माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. "भूकंपात चपला आणाय आत गेला," ते मामाला म्हणाले, "आणि किती येणार, कवा थांबणार, ते बी सांगितलं. पोराच्या अंगात कायतरी हाय."

"तसा हुशारच हाय त्यो," मामा म्हणाला. मामानं मला त्याआधी कधी हुशार म्हटल्याचं मला आठवत नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "दादा, आता आणि काय बघायचं?"

आप्पांनी तिथं रस्त्यातच सांगितलं, मुलगा पसंत. आत्याबाई एसटीत बसायला तयार होईनात, म्हणून दोघं त्या दिवशी मामाच्या घरी मुक्कामाला राहिले.

संध्याकाळी आई परड्यात गेली. आडावरचा स्पीकर तिनं बघितला. मग आत आली, माझ्यासमोर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "दत्तू, पाया पडते तुझ्या. आता तोंड उघडू नको."

जन्मभर "बोल की रं" म्हणणारी आई त्या दिवशी पहिल्यांदा "गप बस" म्हणाली. आणि नेमकी त्याच दिवशी मला वाचा फुटली होती.

तुम्हाला वाटेल, पोरगं प्रामाणिक, मन खात असेल. तसं सांगितलं तर माझी बाजू चांगली दिसेल, पण ते खोटं होईल. मला राग आला होता. एवढं सुंदर गाणं, जमैकापासून बोटीनं आलेलं, आणि त्याचं सगळं श्रेय भूकंपाला? गल्लीत प्रत्येकजण त्या धक्क्यांचं कौतुकानं वर्णन करत होता. कसा पायातून आला, कसा छातीत बसला. म्हणजे ऐकलं होतं सगळ्यांनी. फक्त काय ऐकलं हे त्यांना माहीत नव्हतं. आणि जिच्यासाठी होकार दिला होता, तिच्या घरी हे गाणं भूकंप म्हणून जाणार, हे तर मला बिलकुल सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेपात सेल घालून मी मामाच्या घरी गेलो. आप्पा एसटीला निघायच्या तयारीत होते.

"आप्पा, काल भूकंप झालाच न्हाई. ते गाणं हुतं. मी आडात लावलं हुतं."

आप्पांनी आत्याबाईंकडं बघितलं. "बघ, केवढा साधेपणा पोराचा. मोठेपणा नको म्हणून काय काय सांगायलाय."

"न्हाई आप्पा, ऐका तर."

मी टेप खाटेवर ठेवला आणि चालू केला. त्या लहान टेपातून बास येणार नव्हता, हे खरं तर मला माहीत असायला हवं होतं. चिक-चिक-चिक चालू झालं. गडी गायला लागला. अर्ध्या ओळीत गायब झाला.

आप्पा पुढं वाकले. कान लावला. मग आपण रेडिओला मारतो तशा दोन चापट्या टेपाच्या पाठीवर मारल्या. गडी आला नाही.

"कवापासनं असं करतोय ह्यो?"

"असंच असतंय ते, आप्पा."

"आवाज जातोय की मधनंच."

"मुद्दाम जातोय."

"मुद्दाम?" आप्पांनी मामाकडं बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होता.

आत्याबाईंनी जरा मायेनं विचारलं, "तुझाच टेप न्हवं का बाळ? दुरुस्त न्हाई व्हय होत तुला?"

"दुरुस्त करायचा नसतोय त्यो," मी म्हणालो.

 टेपातल्या त्या गड्याचा शेवटचा शब्द लांब कुठंतरी गोल गोल फिरत होता. आप्पा उठले. पायात चपला घातल्या, मी भूकंपातून आणलेल्या.

"रेडिओचं राहू दे," ते म्हणाले. "बाकीचं पत्रानं कळवतो."

पत्रानं कळवतो म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे. घर पडत असताना आत शिरणारा जावई त्यांना चालला असता. स्वतःचा टेप दुरुस्त न करता येणारा मेकॅनिक कसा चालेल?

मी तिथून तडक दुकानात गेलो. बशीरभाई यायचे होते. मी कुलूप उघडलं, टेप टेबलावर उपडा केला, चारी स्क्रू काढले आणि हेड परत एकदा स्पिरिटनं पुसलं. म्हटलं, न जाणो, आप्पा म्हणतात तेच खरं असलं तर?