अंगणातून गेलेलं इंजिन

नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट होत चालले आहेत, पण जीपच्या इंजिनाची ती चोरी मात्र मनातून हलत नाही. चोरीला गेलेली वस्तू फार मोलाची नव्हती. तपासही फार लांबला नाही. तरीही पोलीस ठाण्यात बसून माणसांबद्दल मी जे थोडंफार शिकलो, त्यातलं बरंचसं या एका प्रकरणाने शिकवलं. त्यातली माणसं आजही त्याच परिसरात राहतात, म्हणून नावं सांगत नाही.

मी तेव्हा बारामती भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्र तोंडावर आलं होतं. बंदोबस्ताची आखणी चालू असताना चाळिशीतला एक शेतकरी आत आला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या अंगणातनं इंजिन गेलं."

मला वाटलं, विहिरीवरचं पाण्याचं इंजिन असेल. "न्हाय," तो म्हणाला. "जीपचं. मी उतरवून ठिवलं हुतं."

काटेवाडीपासून थोडं आत त्याची वस्ती. ऊस, चार गाई आणि वडिलांनी घेतलेली एक जुनी डिझेल जीप. तिचं इंजिन धूर ओकायला लागलं तेव्हा गॅरेजला न नेता ते घरीच उतरवायचं, असं या फिर्यादीने ठरवलं. फोनवर व्हिडिओ बघायचे आणि खोलायचं. अंगणात लोखंडी पाइपांची तिवई उभी केली, तिला वजन उचलायची चेनकुप्पी अडकवली आणि साखळीने इंजिन वर उचलून बाहेर काढलं. लेथवरचं काम तेवढं बारामतीत करून घेतलं. बाकी खोलणं, धुणं, पुन्हा जोडणं सगळं त्याच्या हाताने. दसऱ्याच्या आत इंजिन गाडीत बसवायचं आणि दसऱ्याला जीपची पूजा करायची, असा बेत होता. वस्तीवरची माणसं संध्याकाळी मुद्दाम बघायला येत. आबा, म्हणजे त्याचे वडील, दिवसभर तिथेच बाजेवर बसून असत.

घटस्थापनेच्या आधी सगळं घर नरसिंहपूरला कुलदैवताच्या दर्शनाला गेलं. घराला कुलूप होतं, अंगण उघडं होतं. दुपार कलल्यावर परत आले तर तिवई जागेवर आणि इंजिन गायब.

घटनास्थळाचा पंचनामा करताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. चेनकुप्पी तिथेच होती. तिची साखळी व्यवस्थित गुंडाळून वर अडकवलेली होती. पान्यांचा सगळा संच फळीवर मांडलेला होता. चोरट्याने पाने सोडून जड इंजिन नेलं, आणि जाताना साखळीही आवरून ठेवली.

शेजारच्या रानात कांद्याची रोपं लावणाऱ्या बाईने लांबून एक पिकअप पाहिली होती. "तुम्ही हटकलं का नाही?" असं मी विचारलं.

"कशापायी हटकू? मला वाटलं लेथवर न्हेत असत्याल. रोज त्याचंच काम चाललेलं असायचं की."

दिवसाढवळ्या झालेल्या चोरीचं हे असंच असतं. चोर लपत नाही, तो कामात असल्यासारखा दिसतो.

आम्ही रीतसर सुरुवात केली. बारामतीतली भंगाराची दुकानं तपासली. गाड्यांचे भाग चोरणारा एक जुना आरोपी होता, त्याला बोलावून घेतलं. तो स्टुलावर बसला आणि मलाच समजवायला लागला.

"साहेब, मी बॅटरी न्हेली असती. पाने न्हेले असते. ह्या जुन्या इंजिनाला गिऱ्हाईक कुठाय? भंगारात घालायचं तर फोडावं लागतं, त्याचा आवाज गावभर. ह्ये चोराचं काम न्हाय."

मी त्याला चहा पाजून सोडून दिला. त्याचं म्हणणं मला पटलं होतं.

तीन-चार दिवसांनी ठाणे अंमलदाराने सांगितलं की बाईमाणसाचा फोन आला होता. नाव सांगितलं नाही. म्हणाली, कळंबच्या अलीकडे एक बंद पडलेलं गुऱ्हाळ आहे, त्याच्या शेडमध्ये बघा. एवढं बोलून फोन ठेवला. हद्द इंदापूर तालुक्यातली, म्हणून तिकडच्या ठाण्याला कळवलं, स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच आणि ओळख पटवायला फिर्यादीला सोबत घेतलं आणि निघालो.

गुऱ्हाळाच्या शेडमध्ये चिपाडांच्या ढिगामागे इंजिन होतं. जमिनीवर टाकलेलं नव्हतं. दोन लाकडी ओंडक्यांवर बसवलेलं, वरून जाड प्लॅस्टिक पांघरलेलं. प्लॅस्टिक काढलं तर सगळ्या भागांना तेलाचा हात फिरवलेला. हवा, तेल, पाणी जायची जेवढी म्हणून तोंडं होती, त्या प्रत्येकात स्वच्छ कापडाचा बोळा घट्ट बसवलेला. धुळीचा कणही आत जाणार नाही अशी व्यवस्था.

चोरीचा माल मी पोत्यात, गोठ्यात, विहिरीत पडलेला पाहिला होता. चोरीच्या मालाची एवढी निगा राखलेली मात्र कधी पाहिली नव्हती.

फिर्यादीने इंजिनावरचा नंबर वाचला, तो कागदाशी जुळला. त्याने एक बोळा काढून हातात घेतला. पोपटी रंगाचं सुती कापड होतं, कडेला जांभळे काठ. तो ते बघत राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. माल सापडला की फिर्यादी हसतो, निदान सुस्कारा तरी टाकतो. याने तो बोळा मुठीत दाबला.

"कापड ओळखता का?"

"न्हाय," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी हवालदाराला हळूच विचारलं, यांचं कळंबकडे कोण आहे? त्याने सांगितलं, फिर्यादीची बहीण तिकडे दिली आहे. तिच्या नवऱ्याचं गॅरेज त्याच रस्त्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना ठाण्यात बोलावलं. बहिणीचा नवरा म्हणून फिर्यादी त्यांना दाजी म्हणे, मीही इथे तेच म्हणतो. पन्नाशीकडे झुकलेला, शांत, नीटनेटका माणूस. नखांत तेल मुरलेलं, पण सदरा पांढरा. सगळं घर नरसिंहपूरला गेलं त्या दिवशी बायको माहेरच्यांबरोबर होती, हे मात्र गिऱ्हाइकाची गाडी द्यायची म्हणून मागे राहिले होते. पिकअप कुणाची वापरता विचारलं, तर म्हणाले, "गॅरेजात दुरुस्तीला चार गाड्या असत्यात, साहेब. कुठली सांगू?"

सरळ प्रश्नांनी ते हलणार नव्हते. आवाज चढवण्यात काही अर्थ नसतो, हे मी तोवर शिकलो होतो. मी कागद बाजूला सारले.

"दाजी, इंजिन सापडलं, पण कामातून गेलं. ज्याने कुणी नेलं त्याने तोंडं तशीच उघडी टाकली. आत पाणी गेलं, गंज चढला. आता ते भंगार."

त्यांची मान झटकन वर आली. "उघडी न्हाय टाकली."

आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलं. थोड्या वेळाने त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"गंज खरंच चढलाय का, साहेब?"

"नाही."

"मग बरं," ते म्हणाले, आणि नंतर सगळं सांगितलं.

"लग्न झाल्यापासनं त्या जीपला माझ्याबिगर कुणी हात लावला न्हवता. सासुरवाडीला गेलो की आबा पयल्यांदा जीपपाशी न्ह्यायचे. चार माणसांत म्हणायचे, जावई असावा तर असा, नुसता आवाज ऐकून दुखणं सांगतो. मला बाप न्हवता, साहेब. मला ते ऐकाय बरं वाटायचं. आणि आता इंजिन उतरवलं ते मला बायकोकडनं कळलं. एका शब्दानं इचारलं न्हाय. फोनवर बघून खोललं. फोनवर."

"तुम्ही गेला होता बघायला?"

"दोनदा गेलो. एक तरी चूक सापडंल म्हणून बघत हुतो."

"सापडली?"

"न्हाय. लई बरोबर जोडलं हुतं. तेच बघवलं न्हाय मला. तिकडं आबा बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत हुते, माझ्या पोराला हात हाय. मी समोर उभा असताना."

चेनकुप्पी असली की एकटा माणूसही इंजिन पिकअपमध्ये उतरवू शकतो. दाजींनी तेच केलं होतं. पुढचा विचारही केला होता. दसरा तसाच जाऊ द्यायचा, सगळे हताश झाले की आपणच शोधून काढल्यासारखं इंजिन घेऊन जायचं आणि आबांच्या देखत आपल्या हाताने बसवायचं.

मी त्यांना अटक केली. त्यांच्या घरातून उरलेली पोपटी साडी पंचांसमक्ष जप्त केली. त्याच संध्याकाळी फिर्यादी ठाण्यात आला.

"साहेब, तक्रार मागं घ्यायची हाय."

"का?"

"ते कापड माझ्या बहिणीच्या साडीचं हाय. भाऊबीजेला मीच घेतली हुती."

मी त्याला सांगितलं की फिर्याद अशी परत घेता येत नाही. तपास पुरा होईल, दोषारोपपत्र जाईल, तडजोड करायची तर ती कोर्टासमोर. तो मान हलवत राहिला. मग मी त्याला एकच विचारलं, दाजी घरचे असताना इंजिन त्यांच्याकडे का नेलं नाही?

तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "दाजी घरात आल्यापासनं मी एकच ऐकतोय. दाजीला बघ. दाजीचा हात बघ. शेती मी करतो, गाई मी बघतो, आबांचा दवाखाना मी करतो, आणि कौतुक महिन्यातनं एकदा येणाऱ्याचं. म्हटलं, एकदा हे करून दाखवू. मागं शेडमध्ये जागा हुती, साहेब. सावलीबी हुती. तरी मी पुढं अंगणात खोललं. लोकांनी बघावं म्हणून. दाजींनी बघावं म्हणूनबी."

एक माणूस कोठडीत बसला होता आणि दुसरा माझ्यासमोर. दोघांचं दुखणं एकच होतं, फक्त कायद्याच्या तावडीत एकच सापडला होता.

बहीण दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा डबा घेऊन आली. तिने "साहेब" म्हणून हाक मारली आणि ठाणे अंमलदाराने चमकून माझ्याकडे पाहिलं. फोनवरचा आवाज त्याने ओळखला होता. मी तिला बाजूला बसवलं.

"कपाटातली साडी निम्मी फाडलेली दिसली तवाच मला शंका आली," ती खालच्या आवाजात म्हणाली. "एक दिवस ह्यांच्या मागनं गुऱ्हाळावर जाऊन बघून आले. त्यांना कळू दिलं न्हाय."

"नवऱ्याविरुद्ध फोन करताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर तिकडं भावाच्या पोटात अन्नाचा कण जात न्हवता, आणि हितं हे दोन दोन भाकरी जादा खात हुते. लई खुशीत जेवायचे, साहेब. ते मला बघवलं न्हाय." मग तिने विचारलं, "फोन कुणी केला, ते त्यास्नी सांगणार का?"

"खबर देणाऱ्याचं नाव आम्ही कधीच सांगत नाही," मी म्हणालो. ते मी आजवर पाळलं आहे.

दाजींना जामीन मिळाला. कोर्टाच्या हुकुमाने इंजिन सुपुर्दनाम्यावर फिर्यादीच्या ताब्यात दिलं. पुढे कोर्टात तडजोडही झाली. पण दसरा त्या जीपचा कोरडाच गेला. इंजिन अंगणात आलं तरी ते बसवायला फिर्यादीचा हात धजेना. शेवटी आबांनीच निरोप धाडून जावयाला बोलावून घेतलं.

त्या बाजूला कामानिमित्त गेलो असताना मी वस्तीवर डोकावलो. नेमकं इंजिन आत उतरवायचं काम चाललं होतं. फिर्यादी चेनकुप्पी सोडत होता आणि दाजी जीपच्या तोंडाशी वाकून दिशा देत होते. कामापुरतेच शब्द. "थोडं." "बास." "डावीकडं." प्रत्येक टप्प्यावर दोघांची नजर चोरून बाजेकडे जात होती. बहीण चुलीपाशी पाठ करून बसली होती.

मी आबांच्या शेजारी बसलो. ऐंशीच्या घरातला माणूस, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. दोघंही जीपखाली गेल्यावर मी हळूच विचारलं, "आबा, या दोघांत हात कुणाचा चांगला?"

आबांनी माझ्याकडे तोंड वळवलं, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे गेली.

"मला काय दिसतंय, साहेब. मोतीबिंदू हाय. नट कुठला आणि बोल्ट कुठला, मला दोन वर्सं कळत न्हाय. पोरगं रानातनं येऊन हितं जवळ बसाय लागलं, म्हणून मीबी बसाय लागलो. कुणी काय इचारलं की म्हणायचो, हात हाय पोराला. काय तरी म्हणावं लागतं की."

"आणि आधी जावयाचं कौतुक करत होता ते?"

"पाव्हणा घरी आला तर त्याचं कौतुक करू नये व्हय?"

जीप चालू झाली. आवाज स्वच्छ होता. दोघंही खालून बाहेर येऊन उभे राहिले आणि आबांच्या तोंडाकडे बघू लागले. आबा म्हणाले, "चला, आता जेवून घ्या." दोघांनी हात धुतले आणि एकमेकांपासून अंतर ठेवून पंगतीला बसले. मला आग्रह झाला, मीही बसलो. त्या जेवणात इंजिनाचा विषय कुणीच काढला नाही.

आबा मला जे बोलले, ते मी त्या दोघांना सांगितलं नाही. सांगून त्यांच्या हाती काय लागलं असतं? ज्यासाठी एकाने घराबाहेर उन्हात इंजिन खोललं आणि दुसऱ्याने गुन्हा केला, ते आबांनी तोंडदेखलं म्हटलेलं एक वाक्य होतं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत चोरीच्या प्रत्येक फिर्यादीला मी नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर एक जादा प्रश्न विचारायचो. तुमचं बरं चाललेलं अलीकडे कुणाला बघवत नव्हतं? बहुतेक जण आधी म्हणायचे, तसं कुणी नाही, साहेब. मी थांबायचो. मग त्यांची मान खाली जायची आणि एखादं नाव यायचं, आणि बऱ्याचदा ते त्यांच्याच घरी जेवून गेलेल्या माणसाचं असायचं.