महालक्ष्मीशेजारची गादी

माझ्या अंगात एकदा देवी आली होती, असं आमच्या गल्लीतल्या काही जणी अजून मानतात. धारच्या बाजारात भेटल्या की जरा वाकून नमस्कार करतात, आणि भाजीवाल्यासमोर मी मेल्याहून मेल्यासारखी होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं मन मोडून पडलं होतं. देवीचा त्यात काही संबंध नव्हता. ती बिचारी अंगभर टाचण्या टोचून घेऊन शांतपणे उभी होती.

मी देवासची. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून आले आणि तिथलेच होऊन गेले. सासर मात्र धारचं, संस्थानाच्या काळापासूनचं. माझ्या सासूबाईंना सगळं घर माई म्हणतं. त्या अजून स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणतात आणि माझी मुलगी त्यांना हिंदीत उत्तरं देते. माई जुन्या वळणाच्या, हट्टी, जिभेला धार. मीही काही कमी नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही दोघींनी भांडणातच काढली, आणि मग कधीतरी आमचं छान जमून गेलं.

त्या वर्षी एकामागून एक सगळं अंगावर आलं. माझी बदली गंधवानीच्या शाळेत झाली. सोमवार ते शनिवार पहाटे बस धरायची, आणि रविवारी इंदूरला बस बदलून देवास, कारण तिकडे आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. वैशाखात ती गेली. भावाने घराला कुलूप लावलं आणि पुण्याला नोकरी धरली. श्रावणात पीथमपूरच्या कारखान्यात मशीनमध्ये माझ्या नवऱ्याची बोटं सापडली. बोटं वाचली, पण हाताला एवढं मोठं बँडेज बांधून ते घरी बसले आणि भिंतीकडे बघू लागले. घरात सगळ्यांना धीर देणारी मी एकटी उरले. लोक म्हणायचे, किती खंबीर आहे हो ही! मला ते ऐकायला आवडायचंही.

मग एका रविवारी मी सवयीने उठले, डबा भरला, इंदूरला बस बदलली आणि देवासला उतरले. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की आई नाही. घराला कुलूप आहे. "बहनजी, किधर लेना है?" असं तो विचारत राहिला. शेवटी त्यालाच डबा देऊन टाकला आणि परत आले. घरी कुणाला सांगितलं नाही. पोळ्या केल्या, भांडी घासली. पण त्या दिवसापासून माझी झोप गेली. वर्गात खडू हातात धरून उभी राहायचे आणि पुढचा शब्द यायचा नाही. पोरं टकमका बघत बसायची.

अशात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे उभ्याच्या असतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोन बहिणी, माहेरी आल्या असं समजून त्यांचे तीन दिवस लाड करायचे. सोळा भाज्या, पुरणपोळी, नव्या साड्या. त्यांनी नुसतं उभं राहायचं, बाकी सगळं घरच्या सुनेने करायचं. त्या वर्षीही मी केलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या, आणि कुणाचा तरी धक्का लागून धाकटीच्या निऱ्या सुटल्या. मी बसून नीट करायला लागले. निरी बसेना. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. आईच्या साड्यांना मीच निऱ्या घालायचे, ती आजारी पडल्यावर. ते आठवलं आणि मला हसू आलं. हसू थांबेना. मग रडू आलं, तेही थांबेना. अंग थरथर कापायला लागलं, अंबाडा सुटून केस तोंडावर आले.

"अरे, भाभी को माताजी आ गईं!" समोरची शेजारीण ओरडली.

झालं! कुणी कपाळभर कुंकू फासलं, कुणी ओटी भरली, कुणी आरती ओवाळायला लागली. दोघी-तिघी पायाशी आडव्या. एकीने भावासाठी विचारलं, "देवी, माझ्या भियाचं लग्न कधी जमेल गं?" मी ओरडले, "मला काही माहीत नाही! मला झोपू द्या!" बायका एकमेकींकडे बघून हळूच म्हणाल्या, "देवीला निद्रा पाहिजे." मी म्हटलं, "सगळ्या निघा इथून!" तर त्यांनी अजून जोरात हात जोडले. आता हे आठवलं की मी पोट धरून हसते. तेव्हा मात्र मला खोल पाण्यात असल्यासारखं वाटत होतं, आणि काठावरचे लोक माझी पूजा करत होते.

माईंचे गुडघे पार गेलेले. त्या दिवशीही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्या सगळ्यांना सूचना देत होत्या. त्या भिंतीला धरून उठल्या, आणि मला काठीचा आवाज ऐकू आला.

"बास. कुंकू झालं, प्रसाद घ्या आणि आपापल्या घरी चला."

"माई, पण देवीचा कौल..."

"देवी ती उभी आहे. ही माझी सून आहे. हिला बरं नाही."

सगळ्या गेल्यावर माईंनी माझ्या मुलीला गादी आणायला लावली आणि ती महालक्ष्म्यांच्या अगदी शेजारी घातली. तिथे कुणी पाय पसरायचा नाही अशी त्यांचीच शिस्त. मी कसंबसं म्हटलं, "माई, इथे?" त्या म्हणाल्या, "त्यापण माहेरीच आल्यात. तुला काही बोलणार नाहीत." ओल्या पदराने त्यांनी माझं कपाळ पुसलं. मी झोपले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोपले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मंगळवारी सकाळी दारात एक अनोळखी बाई नारळ घेऊन उभी. बातमी खालच्या मोहल्ल्यापर्यंत पोचली होती. माझी नणंद फोनवर म्हणाली, घरात देवी आली, भाग्य समजा, दर मंगळवारी बैठक लावा. नवरा गोंधळला. डॉक्टरकडे नेलं तर लोक वेडी म्हणतील, आणि देवी आली म्हटलं तर निदान पाया पडतील, असं त्यांच्या मनात आलं. तसं ते मला बोललेही. त्यांना मी दोष देत नाही. आणि खरं सांगू? मला स्वतःलाही ते बरं वाटलं. देवी झाले असते तर मंगळवारी तरी कुणी मला पोळ्या लाटायला लावल्या नसत्या. डॉक्टरकडे गेले तर सगळ्यांना कळणार की खंबीर बाई खंबीर नव्हतीच. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते, आणि माई काय म्हणतात त्यावर माझं सगळं अडलं होतं.

माईंनी नारळ परत केला. बाहेरून आवाज आला, "इथे देवी राहत नाही बाई. माझी सून राहते. ती आजारी आहे, तिला इंदूरला डॉक्टरकडे न्यायचंय. मनाच्या डॉक्टरकडे." शेवटचं वाक्य त्यांनी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. मला इतकी लाज वाटली, आणि इतकं हलकं वाटलं, की मी उशीत तोंड खुपसून रडले.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि दर पंधरवड्याला नुसतं बोलायला बोलावलं. शाळेतून रजा घेतली. बरं व्हायला फार वेळ लागला. मधे काही आठवडे तर केस विंचरणंसुद्धा डोंगराएवढं वाटायचं. माई बसल्या बसल्या माझी वेणी घालायच्या आणि शिव्या द्यायच्या, "शेपटी झालीय नुसती, तेल लाव जरा." रात्रीच्या गोळीला त्या तीर्थ म्हणायच्या. "तीर्थ घेतलंस का गं?" नवऱ्याने एका हाताने पोळ्या लाटायला घेतल्या. नकाशातला एकही देश त्यांनी सोडला नाही. हळूहळू मला त्यावर हसू यायला लागलं, आणि मी हसले की तो माणूस मुद्दाम अजून वाकडी लाटायचा. या सगळ्यांवर माझा किती जीव आहे, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या आल्या तेव्हा मी पुष्कळ बरी होते. दुपारी नैवेद्य झाला. जेवून माई खुर्चीवर आणि मी पाटावरच टेकलो होतो. मी चेष्टेत विचारलं, "माई, तुम्हाला इतकी खात्री कशी हो, की देवी नव्हती?"

माईंनी धाकटीच्या साडीकडे बघितलं.

"माझ्या अंगात यायची ना. लग्न होऊन आले तेव्हा. दर नवरात्रात."

मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"घरात अठरा माणसं. पहिलं मूल गेलं होतं माझं, आणि चौथ्या दिवशी मी चुलीपुढे. कुणाला काय सांगणार? मग नवरात्रात आरती लागली की अंग कापायला लागायचं. सासूबाई पाया पडायच्या माझ्या. तेवढा वेळ मला कुणी ऊठ म्हणायचं नाही."

"म्हणजे मुद्दाम?"

"नाही गं. मलाही देवीच वाटायची. इतकी वर्षं वाटली. तुला तसं बसलेलं पाहिलं आणि मग कळलं." मग म्हणाल्या, "मला कुणी डॉक्टरकडे नाही नेलं. नारळ मात्र पुष्कळ आले."

मी उठले, आतून तीच गादी आणली आणि महालक्ष्म्यांच्या शेजारी घातली. माई म्हणाल्या, "अगं वेडे, बायका येतील आता हळदीकुंकवाला." मी म्हटलं, "येऊ देत." त्या कुरकुरत आडव्या झाल्या. मी पायांवर शाल घातली. थोड्या वेळात घोरायलाही लागल्या.

बायका आल्या तेव्हा मी दारातच उभी होते. समोरच्या शेजारणीने आत डोकावलं आणि हळूच विचारलं, "माई को क्या हुआ?"

"काही नाही," मी म्हटलं. "झोपल्यात. त्यांना उठवायचं नाही."